झाडेंच्या दारापासून नदीपर्यंत

भोयरकाका रोज सकाळी फिरायला निघायचे, पण त्यांचं फिरणं स्वतःच्या दारातून सुरू व्हायचं नाही. आधी ते कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला पंजाबराव झाडेंच्या फाटकाशी जायचे, क्षणभर उभे राहायचे, आणि मग खरी सुरुवात. बाजाराचा चौक, कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याची लांबलचक भिंत, चिंचेखालचा विसाव्याचा ओटा आणि शेवटी वणा नदीच्या काठचं मोक्षधाम. तिथल्या लोखंडी फाटकाला हात लावला की परत. डॉक्टरांना वाटायचं, हा पेशंट शहाणा आहे. कॉलनीला वाटायचं, मरता मरता वाचलेला माणूस वैराग्याला लागला आहे. वैराग्य कसलं आलंय! काका रोज झाडेंच्या अंत्ययात्रेची तालीम करत होते.

मी तेव्हा हिंगणघाटच्या एका शाळेत शिकवत होतो आणि काकांच्या शेजारी भाड्याने राहायचो. माझी साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि माझ्या बायकोने मला सरळ काकांच्या हवाली केलं. पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, "काका, आपण झाडेंच्या घरापासूनच का सुरुवात करतो?"

"सर," काका म्हणाले, "तुमी नवे हाय. पयले चालनं शिका."

चालणं शिकवायला निघालेला हा माणूस स्वतः जन्मभर एस.टी.चा ड्रायव्हर. पायांचा उपयोग ब्रेक दाबायला, एवढंच त्यांना ठाऊक. पायी जाणारा माणूस म्हणजे गाडी चुकलेला माणूस, असं त्यांचं मत होतं. निवृत्तीनंतर तर दारातून पानठेल्यापर्यंतही मोटारसायकल काढायचे. पोट सुटलेलं, पावलं सुजलेली, आणि जेवण झालं की खुर्चीतच घोरणं. चालायला लागले तेव्हाही त्यांच्यातला ड्रायव्हर काही उतरला नाही. वळताना हात बाहेर काढून इशारा द्यायचे. मागून कुणी येत असेल तर हाताने 'हळू' अशी खूण करायचे. चौकात कुत्रं आडवं आलं तरी पूर्ण थांबायचे आणि कुत्र्याला जाऊ द्यायचे. मी पुढे जायला लागलो की ओरडायचे, "ओव्हरटेक नाई!" पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात जुना खाकी शर्ट, आणि उजव्या खांद्यावर एक छोटं पोतं.

त्या पोत्याचीही गंमत होती. सुरुवातीला खांद्यावर नुसता घडी केलेला टॉवेल होता. मग त्यात थोडी रेती आली. मी त्यांच्यासोबत जायला लागलो तोवर दळणाएवढं, रेतीने भरलेलं पोतं झालं होतं. लोक विचारायचे, "काका, दळण काय?" काका म्हणायचे, "हो, दळतो." कुणाला, ते सांगायचे नाहीत.

मला ते कळलं ते पावसाळ्यानंतर. तोवर मी चालायला शिकलो होतो बहुतेक. जिनिंगच्या भिंतीशी त्यांनी स्वतःहून विषय काढला. सगळं आधीपासून माहीत असल्यासारखं मला वाटत होतं, कारण ते घडलं त्या दिवशी मीही कॉलनीत होतो. पण काकांच्या तोंडून ऐकताना माझ्याही हाताच्या मुठी वळल्या.

झालं होतं ते असं. काकांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांचा मुलगा सुनील त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेला. काकू घरी एकट्या. त्याच दवाखान्यात झाडेंचा भाचा दुसऱ्याच कुणाला बघायला गेला होता. वॉर्डाबाहेर त्याच्या कानावर पडलं, हिंगणघाटकडचे भोयर गेले. गेले होते ते खेड्यातले कुणी वेगळेच भोयर. भाच्याने मामाला फोन केला. आता झाडेंनी काय करायला हवं होतं? सुनीलला एक फोन. पण झाडे आमच्या कॉलनीतल्या निवृत्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचे मुख्य. कुणीही गेलं की ती बातमी ग्रुपवर सगळ्यांत आधी आपली पडली पाहिजे, हा त्यांचा मान होता. त्यांनी काकांचा निरोपसमारंभातला हार घातलेला फोटो शोधून काढला, खाली दोन दिवे आणि फुलं लावली, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं.

मी शाळेतून आलो तेव्हा काकांच्या अंगणात बांबू येऊन पडले होते. आत बायकांची गर्दी. सुनीलचा फोन लागत नव्हता, दवाखान्यात त्याला बंद ठेवायला लावला होता. संध्याकाळी त्यानेच फोन केला, "बाबा चहा मांगून राह्यले," म्हणून. पण तोवर चार जुन्या बायांनी काकूंचं कुंकू पुसून, हात जमिनीवर धरून बांगड्या फोडल्या होत्या. एका काचेने मनगट कापलं होतं. काकू त्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे बघत बसल्या होत्या, आणि नवरा जिवंत आहे हे सांगितल्यावरही कितीतरी वेळ त्यांना रडू आलं नाही.

रात्रीपर्यंत ग्रुपवरचा तो मेसेज झाडेंनी काढून टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ'. बस्स.

काका घरी आले, तेव्हा काकूंनी पुन्हा हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. पण त्या बाईचं काहीतरी कायमचं बिघडलं. हळदीकुंकवाला बोलावलं तरी जायच्या नाहीत. बायकाही संकोचायच्या, आणि त्या संकोचाने काकू आणखी आत आत राहायच्या. अंगणाच्या फाटकापलीकडे पाऊल टाकायच्या नाहीत. काकांचा दुपारी डोळा लागला की त्यांच्या नाकाशी बोट धरून बसायच्या. त्यांची मागणी एवढीशी होती. माझ्या बायकोजवळ त्या म्हणाल्या होत्या, "मले काई नोको, बाई. त्याइनं एक डाव दारात यावं अन् म्हनावं, वहिनी, चुकलं. बस."

झाडे आले नाहीत. उलट चहाच्या टपरीवर पंचवीस माणसांत हसून म्हणाले, "अबे भोयर, मेल्याची खोटी बातमी उठली का मानसाचं आयुष्य वाढते. म्या तं तुहं आयुष्य वाढोलं. पेढे दे!" टपरीवरची माणसं हसली. मला आजही त्या हसण्याचा राग येतो, आणि हसणाऱ्यांत कोण कोण होतं ते मला अजून पाठ आहे.

हे दोघं कोण होते एकमेकांचे, हे सांगायला हवं. काका ड्रायव्हर आणि झाडे त्यांचे कंडक्टर. वडनेरच्या रस्त्यावर, आणखी कुठल्या कुठल्या फाट्यांवर, दोघांनी अर्धं आयुष्य एका गाडीत काढलं होतं. झाडेंनी दोन घंट्या मारायच्या आणि काकांनी गाडी सोडायची. आरशात न बघता सोडायची, इतका भरवसा.

"सर, इतके वर्सं त्याच्या घंटीवर गाडी हाकली म्या," काका त्या दिवशी जिनिंगच्या भिंतीशी म्हणाले. "कंडक्टरचं काम काय? पॅसिंजर उतरला का नाई, ते पाह्यनं. मी उतरलोच नोतो, अन् यानं डबल घंटी मारली. माह्या बायकोले गाडीखाली घेतलं यानं."

"मग आता?"

"आता काय. आयुष्य वाढोलं म्हनते ना? मंग पाहू दे किती वाढलं ते. त्याच्या अगोदर मी जात नाई. अन् तो गेला का त्याच्या दारातून नदीपरेंत मीच नेतो त्याले. ह्या खांद्यानं. विसाव्याले खांदा बदलत नाई. त्याले समजलं पाह्यजे, कोन उतरलं अन् कोन राह्यलं."

खरं सांगायचं तर मला क्षमाशील माणसांचा कंटाळा येतो. क्षमा बहुतेक वेळा आळसातून येते. काकांचा सूड मात्र मेहनतीचा होता. पहिल्या दिवशी ते झाडेंच्या घरासमोरच्या हँडपंपापर्यंत जाऊन त्याच्याच ओट्यावर बसले होते, धाप लागून. झाडे आपल्या व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय भोयर, चालते काय?" काका म्हणाले, "चालते." तेव्हापासून रोज तोच प्रश्न आणि तेच उत्तर. दुसरा एक शब्द नाही.

आणि चालत राहिले तसा हा माणूस डोळ्यांदेखत बदलत गेला. पावलांची सूज उतरली. पँटचा पट्टा आत आत जायला लागला. जिना चढताना कठड्याला हात लागेना. डॉक्टरांनी आधी एक गोळी अर्धी केली, मग बंद केली. पडल्या पडल्या झोप लागायला लागली, इतकी गाढ की काकूंचं नाकाशी बोट धरणं आणखी वाढलं. सगळ्यांत मोठा बदल स्वभावात. पूर्वी जेवणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचे. आता हसून मागून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "काका, एवढा राग मनात ठेवून तुम्ही इतके शांत कसे?"

"राग बसून ठेवला का डोक्यात चढते, सर. मंग बीपी, मंग गोळ्या. चालवला का पायात उतरते. पायात त्याचं काम हाय, डोक्यात काय काम त्याचं? तुमीबी कोनाचा तरी घेऊन चाला. घरी ठेवून येऊ नोका."

मी माझ्या मुख्याध्यापकांचा घेऊन चालायला लागलो. माझी साखर तीन महिन्यांत जाग्यावर आली. उगाच नाही सांगत!

झाडेंना मात्र चालायचं नव्हतं. त्यांचंही पोट सुटलं होतं, गुडघे धरले होते. पुण्याच्या धाकट्या मुलाने घरात चालायचं यंत्र पाठवलं. त्याच्यावर झाडेंचे बनियान वाळायचे. काका फाटकातून ते बनियान बघायचे आणि त्या दिवशी त्यांची चाल विशेष तेज व्हायची.

ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात डॉक्टरांनी काकांना बोलायला उभं केलं. विषय होता चालण्याचे फायदे. अध्यक्ष कोण? झाडे. गळ्यात हार, पुढ्यात पाण्याची बाटली. काका माईकजवळ गेले आणि ड्रायव्हर सीटवर बसतात तसे दोन्ही हात पुढे धरून बोलायला लागले.

"डॉक्टरसाहेबानं सांगतलं का चालल्यानं साखर उतरते, झोप लागते, गुडघे मोकळे राह्यतेत, मन थाऱ्यावर येते. सगळं खरं हाय. माही साखर उतरली. दम लागत नाई. पयले दिवसभर डोक्यात कायबाय चालू राहे, आता नाई राह्यत. पन नुसतं तब्येतीसाठी मानूस चालत नाई जी. चार दिवस चालते, पाचव्या दिवशी थंडी वाजते, मंग चादर ओढून घेते. मले कोनी चादर ओढू देत नाई."

"कोन वो?" मागून कुणीतरी विचारलं. काकूंचं नाव ऐकायला मिळणार म्हणून लोक आधीच हसायला लागले होते.

"हाय एक जन. त्याच्या अगोदर मले जाचं नाई. तुमीबी एखादा असा धरून ठेवा. दुश्मन असला का मानूस तब्येतीले जपते."

टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यांत जास्त टाळ्या झाडेंनी वाजवल्या. त्यांना कळलं नव्हतं की काय, की कळून वाजवल्या, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

झाडे गेले ते त्यानंतर काही वर्षांनी, ऐन थंडीत, सकाळी झोपाळ्यावर, मांडीवर पेपर तसाच. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा "काय भोयर" आलं नाही. काका थांबून राहिले. आतून रडण्याचा आवाज आल्यावर त्यांनी खांद्यावरचं पोतं उतरवून कंपाउंडच्या भिंतीशी ठेवलं आणि मला म्हणाले, "सर, आज शाळेत जाऊ नोका."

पुण्याचा मुलगा दुपारी पोचला. बाहेर नगरपालिकेची वैकुंठरथाची गाडी उभी होती. एवढ्या वर्षांची तालीम, आणि झाडे गाडीत बसून निघून जाणार! काका सरळ थोरल्या मुलाजवळ गेले.

"गाडी परत पाठव."

"काऊन, काका? दूर हाय नदी."

"मले मालूम हाय किती दूर हाय ते. तुह्या बापासंगं अर्धी जिंदगी गाडीत गेली माही. आज त्याले गाडीत नाई जाऊ देत."

त्या मुलाला हुंदका आवरेना. तो काकांच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. काका लाकडासारखे उभे. गाडी परत गेली आणि तिरडी बांधली गेली. डाव्या बाजूचा पुढचा बांबू काकांनी उजव्या खांद्यावर घेतला. मी त्यांच्या मागेच होतो, म्हणून उचलताना ते पुटपुटले ते मला ऐकू आलं. "मार घंटी, झाडे. आता मार."

आणि ते चालले. मी पुष्कळ अंत्ययात्रांना गेलो आहे, असं चालणं पाहिलं नाही. संथ, सरळ, एक लय धरून. मला वाटलं होतं, चेहऱ्यावर कुठे तरी समाधान दिसेल. चौकापर्यंत होतंही थोडं. मग लोक बोलायला लागले. "दोस्ती असावी तं अशी." "या वयात पाहा." जिनिंगजवळ एका गच्चीवरून एक म्हातारी काकांकडे बघून हात जोडत होती. विसाव्याला तिरडी खाली ठेवली, दगड ठेवून झाला, तरणी पोरं खांदा बदलायला पुढे आली. काकांनी मान हलवून नकार दिला, तर मागच्या माणसांच्या डोळ्यांत पाणी! कुणी मोबाईलवर फोटो काढत होतं. काकांच्या जबड्याचे स्नायू ताठ झालेले मला दिसत होते. इतक्या वर्षांचा सूड ते सगळ्या गावादेखत उगवत होते, आणि गाव त्याला प्रेम म्हणत होतं. मोक्षधामाशी पोचल्यावर त्यांनी सवयीने रिकामा हात लोखंडी फाटकाला लावला.

घरी आलो तेव्हा काकू अंगणात गरम पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. मी दोन अंगणांमधल्या कठड्याच्या अलीकडे पाय धूत होतो.

"अजी, झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं. खांदा बदलला नाई."

"मंग काई म्हनाला काय तो?"

काकांचा हात तांब्यासकट थांबला. "मेलेला मानूस काय म्हनन वो?"

"तेच तं म्हनते मी. रोज त्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहत होते तुमी. एक डाव कडी वाजोली असती. हात धरून आनलं असतं त्याले माह्यापुढं." काकूंचा आवाज चढला नाही. "तुमाले तो मेलेला पाह्यजे होता. मले जित्ता पाह्यजे होता."

त्या आत गेल्या. काका पाणी निवेपर्यंत तिथेच उभे होते. त्या माणसाची मला इतकी दया त्यापूर्वी कधी आली नव्हती, आणि काकूंचं म्हणणं खरं होतं, त्याला काय करणार.

तेरवीच्या आधी बाजाराच्या चौकात फ्लेक्स लागला. बसथांब्याच्या कठड्याला बांधलेला, माणसाच्या उंचीचा. मध्ये झाडे हसताहेत, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खालच्या कोपऱ्यात 'जिवलग मित्र मारोतराव भोयर' म्हणून काकांचा फोटो. मुलांनी वडिलांच्या फोनमध्ये होता तो दिला असणार. निरोपसमारंभातला, हार घातलेला, तोच.

काकांनी तो सकाळी फिरताना पाहिला आणि मोक्षधामाच्या फाटकाला हात न लावता अर्ध्या वाटेवरून घरी परतले. काय झालं ते त्यांनी सांगितलं असावं, कारण थोड्याच वेळात काकू अंगणाच्या फाटकाशी आल्या. हातात शिवणाची कैची. इतक्या वर्षांनी फाटकाची कडी काढून त्या बाहेर पडल्या. काका मागून, "अवो, कुठं चालल्या? ऐका तं!" मीही चपला अडकवून धावलो.

चौकात दूधवाले होते, पेपरची पोरं होती, पहिल्या गाडीची वाट पाहणारी माणसं होती. काकू कुणाकडे न बघता फ्लेक्सपाशी गेल्या आणि कोपरा धरून कैची चालवायला लागल्या. जाड प्लास्टिक, कैची अडत होती. प्रत्येक हिसक्याबरोबर हिरव्या बांगड्या वाजत होत्या.

"काकू, काय करून राह्यल्या?" कुणीतरी म्हणालं. "झाडेसाहेबांचा हाय तो."

"हा माह्यावाला हाय," काकू म्हणाल्या. "जित्त्या मानसाचा फोटो हाय. कोनाले विचारून लावला?"

त्या चौकात तेव्हा टपरीवर हसलेल्यांपैकी दोघं तरी उभे होते आणि खाली बघत होते. मला फार बरं वाटलं. काकूंनी चारही बाजू कापल्या, तुकडा सोडवला, नवऱ्याचा तो फोटो छातीशी धरला. मग मान वर करून झाडेंच्या मोठ्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं.

"नाईच म्हटलं ना तुमी शेवटपरेंत?" एवढंच बोलल्या. आणि कैचीच्या टोकाने त्या हसण्यावरून आडवी एक चीर ओढली.

काका जवळ येऊन उभे राहिले. कधी नव्हे ते त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. सवयीने नदीच्या रस्त्याकडे वळले.

"तिकडून नाई," काकू म्हणाल्या. "मयतीच्या रस्त्यानं मी येत नाई. इकडून चला." आणि वडनेरच्या रस्त्याला लागल्या.

त्याच महिन्यात माझी बदली झाली, त्यामुळे दोघांना एकत्र चालताना पाहिलं ते तेवढंच. काकू पुढे, एका हातात कैची, एका हातात फोटो, पदर खोचलेला, इतक्या वर्षांची घरात कोंडलेली पावलं पटापट टाकत. मागे भोयरकाका, पोत्याशिवाय, त्यांना गाठायला बघत होते आणि काही केल्या गाठता येत नव्हतं. मागून डेपोची एक गाडी आली. काकांनी उजवा हात बाहेर काढून तिला 'हळू' अशी खूण केली, आणि ती गाडी काकू वळणापार जाईपर्यंत मागे मागे हळूच चालत राहिली.